टर्बो घ्यावा की सुपरचार्जर? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणं अवघड नसतं. अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि पिस्टन खाली सरकताना वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच साध्या इंजिनाला मिळते. त्यापुढे ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, ते जास्त वेगाने फिरवा, नाहीतर हवा दाबून आत कोंबा. टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर दोघेही हे शेवटचं काम करतात. हवा दाबायची ताकद कुठून घ्यायची, एवढ्यावर त्यांचे रस्ते वेगळे होतात. बाकीचे गुण-अवगुण तिथूनच निघतात.

नवी गाडी घेताना टर्बो व्हेरिएंटला जास्त पैसे मोजावेत का, हा एक प्रश्न. असलेल्या गाडीला बाहेरून काही बसवावं का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असली तरी पहिल्या काही पायऱ्या सारख्याच आहेत.

पायरी 1: दोन्ही यंत्रं कशी चालतात ते समजून घ्या

टर्बोत एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रं असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एका चक्रावर आपटतो, ते फिरतं, आणि दांड्यामुळे दुसरं चक्रही फिरून इंजिनात जाणारी हवा दाबतं. उसाच्या चिपाडावरच गुऱ्हाळाची चूल पेटवावी, तसा हा प्रकार: जे वाया जाणार होतं त्यातूनच काम काढून घ्यायचं. अगदी फुकट मात्र नसतं, कारण धुराच्या वाटेत अडथळा आल्याने इंजिनाला तो बाहेर ढकलायला थोडा जास्त जोर लागतो. लहान टर्बोचं चक्र मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जातं. त्याला तेवढा वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि मुळात धूर पुरेसा असावा लागतो. पाय दाबला पण गाडी अजून उठत नाही, तो मधला वेळ म्हणजे टर्बो लॅग.

सुपरचार्जर धुराची वाट बघत नाही. इंजिनाच्या क्रँकवरून (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) पट्टा येतो आणि त्यावर तो फिरतो, अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर फिरतो तसाच. इंजिनाचा वेग वाढला की याचाही लगेच वाढतो. पण तो सरळ इंजिनाच्याच पगारावर जगतो. डॉज चॅलेंजर हेलकॅटचं 6.2 लिटरचं इंजिन 707 हॉर्सपॉवर देतं, पण पूर्ण जोरात असताना त्याच्या सुपरचार्जरला फिरवायलाच 80 च्या आसपास हॉर्सपॉवर खर्ची पडतात. म्हणजे एका चांगल्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन.

सुपरचार्जरचे तीन प्रकार लक्षात ठेवा. रूट्स प्रकारात दोन पाती एकमेकांत गुंतून हवा पुढे लोटतात. 1860 च्या सुमारास अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी हे यंत्र बनवलं तेव्हा ते भट्टीत वारा घालायला वापरलं जाई. ट्विन-स्क्रू प्रकार हवा आतल्या आत दाबतो, म्हणून ती रूट्सपेक्षा कमी तापते. सेंट्रिफ्यूगल प्रकार दिसायला थेट टर्बोच्या अर्ध्या भागासारखा, फक्त पट्ट्यावर चालणारा. पहिले दोन खालच्या आरपीएमपासून (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या असल्यापासून) ओढतात. तिसऱ्याची ताकद वेगाबरोबर चढत जाते, म्हणून "सुपरचार्जर म्हणजे खालून ओढ" हे वाक्य त्याला लागू पडत नाही. किट विकणारा नुसतं "सुपरचार्जर आहे साहेब" म्हणाला, तर कोणता ते विचाराच.

पायरी 2: ओढ नेमकी कुठे हवी ते ठरवा

हॉर्सपॉवरच्या आकड्यावरून गाडी निवडणं ही नवख्यांची सगळ्यात जुनी सवय. त्याऐवजी आपण रोज कुठे चालवतो ते बघा.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढायचा असतो. पुढे मालाने भरलेला ट्रक, मागे एसटी, आणि मध्येच उजवीकडे मोकळी जागा मिळते. तुम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर, इंजिन 1600 आरपीएमवर. अशा वेळी 6000 आरपीएमला मिळणारी कमाल ताकद काय कामाची? पाय दाबल्यावर त्या दीड-दोन सेकंदांत काय मिळतं, तेच खरं. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल ज्यांनी जुन्या स्विफ्टमध्ये चालवलंय त्यांना हे सांगायला नको. 190 न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 2000 आरपीएमला यायचा, आणि त्याखाली गाडी झोपलेली असायची. अनुभवी लोक ओव्हरटेकच्या आधीच एक गिअर खाली टाकून इंजिन 2000 च्या वर ठेवत. टर्बोची गाडी चालवायची ती सवय आजही उपयोगाची आहे.

अलीकडचे छोटे टर्बो पुष्कळ सुधारले आहेत. ह्युंदाई व्हेन्यूचंच बघा. तिचं 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन 83 पीएस (हॉर्सपॉवरच्याच जवळचं माप) देतं, आणि साधारण 114 न्यूटन-मीटरचा त्याचा कमाल टॉर्क 4000 आरपीएमला येतो. त्याच गाडीत मिळणारं 1.0 लिटरचं टर्बो इंजिन 120 पीएस देतं, आणि 172 न्यूटन-मीटर टॉर्क 1500 पासून 4000 पर्यंत सलग. घाटात फरक जाणवतो तो या "1500 पासून" मुळे. ब्रोशर हातात आलं की पीएसच्या आधी टॉर्कपुढचा आरपीएम वाचा.

सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्याला खालची ओढ आणि पायाला लगेच मिळणारा प्रतिसाद हवा. तिथे रूट्स किंवा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर चालवायला फार गोड वाटतो. मोठंच इंजिन बसवल्यासारखं. हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्याला मायलेज सांभाळून मधल्या आरपीएमला जोर हवा, तिथे टर्बो सरस.

उंचीचंही एक गणित आहे. दर हजार मीटरला साध्या इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद जाते. महाबळेश्वरला हे फारसं जाणवत नाही, पण लेहच्या वाटेवर खिंडी पाच हजार मीटरच्या घरात जातात, तिथे साधी पेट्रोल गाडी रडकुंडीला येते. टर्बो अशा वेळी जास्त वेगाने फिरून बरीच तूट भरून काढतो. सुपरचार्जरचा वेग पुलीच्या मापाने बांधलेला असल्याने त्याला तसं करता येत नाही.

पायरी 3: आपलं इंजिन किती सोसेल ते तपासा

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो या पायरीवर, म्हणून इथे जरा थांबू.

समजा उन्हाळ्यात बाहेर 35 अंश तापमान आहे आणि तुम्ही 0.5 बार बूस्ट लावला, म्हणजे वातावरणाच्या दाबावर आणखी जवळपास निम्मा दाब, सुमारे 7 पीएसआय. हवा दीडपट दाबली. मग ताकदही दीडपट? नाही. दाबलेली हवा तापते. बऱ्यापैकी चांगल्या कॉम्प्रेसरमधून ती 90 अंशांच्या आसपास बाहेर पडेल, रूट्स प्रकारातून शंभरीच्याही पुढे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात हवेचं वजन फक्त 27-28 टक्के वाढतं. तीच हवा इंटरकूलरमधून 50 अंशांपर्यंत थंड करून दिली तर वाढ 40 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून कोणी इंटरकूलरशिवाय "किट" देत असेल तर तो अर्धंच सामान विकतोय असं समजा.

गरम हवेचा दुसरा ताप म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिनातून खडखड ऐकू येते. हे वारंवार झालं तर पिस्टन फुटतो. इथे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, बघावं लागतं. साध्या पेट्रोल इंजिनांत तो आज 11:1 ते 12:1 असतो. कारखान्यातूनच टर्बो घेऊन येणाऱ्या इंजिनांत तो बहुधा 9:1 ते 10.5:1 ठेवलेला असतो, कारण हवा आधीच दाबून येणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. शिवाय त्या इंजिनांचे पिस्टन, हेड गॅसकेट, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, सगळं त्या हिशोबाने बनवलेलं असतं. 12:1 च्या इंजिनावर बाहेरून 0.5 बार लादायचा तर एकतर पिस्टन बदला, नाहीतर ठिणगीची वेळ इतकी मागे घ्या की मिळवलेली ताकद तिथेच परत जाईल.

पेट्रोलचं काय? 100 ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त रोखणारं पेट्रोल मुंबई-पुण्यात 2020 च्या अखेरीपासून काही पंपांवर मिळू लागलं, पण ते महाग, आणि आंबोलीच्या वाटेवर ते शोधत बसणार का? ज्या पेट्रोलवर रोज गाडी चालते त्यावरच ट्यूनिंग करून घ्या. इथेनॉल मिसळलेलं ई-20 नॉकिंगला बऱ्यापैकी रोखतं, पण त्यात ऊर्जा कमी असल्याने इंजेक्टरला तेवढ्याच कामासाठी जास्त इंधन सोडावं लागतं. जुने इंजेक्टर आणि पंप आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील, तर बूस्टखाली मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मग नॉकिंग ठरलेलंच.

त्यापुढे क्लच आणि गिअरबॉक्स येतात. 115 न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या क्लचला 165 दिले की तो घसरायला लागतो. आरपीएम वर जातो, वेग जागच्या जागी. आणि ब्रेक? जोर वाढवून ब्रेक तेच ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, खर्चाच्या यादीत टायर आणि ब्रेक पहिल्या ओळीवर लिहा.

डिझेलवाल्यांनी ही पायरी ओलांडली तरी चालेल. आजच्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीत टर्बो असतोच. 1978 च्या मर्सिडीज 300 एसडीपासून प्रवासी गाड्यांत ती वाट रुळली. चार-स्ट्रोक डिझेल गाडीला सुपरचार्जर बसवायचा विचार डोक्यातून काढून टाका.

पायरी 4: ऑनलाइन "इलेक्ट्रिक सुपरचार्जर"पासून लांब राहा

दोन-तीन हजारांत मिळणारा, एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचा पंखा. जाहिरातीत मायलेजही वाढतं आणि पिकअपही. गणित करून बघू. 1.2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला जवळपास 60 लिटर हवा ओढतं. त्या हवेला 0.5 बारपर्यंत दाबायला साधारण पाच किलोवॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 400 अँपिअरहून जास्त करंट. तुमच्या हॉर्नच्या वायरला जोडलेला पंखा एवढं काम करील? विजेवर चालणारा खरा कॉम्प्रेसर ऑडीने 2016 च्या एसक्यू7 मध्ये दिला, तेव्हा त्यासाठी वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा बसवावी लागली होती.

पायरी 5: जागा, उष्णता आणि हात

बॉनेट उघडा आणि बघा. सुपरचार्जरला पट्ट्याच्या रांगेत जागा लागते, आणि रूट्स किंवा ट्विन-स्क्रू असेल तर सिलिंडरांना हवा वाटून देणारं इनटेक मॅनिफोल्डच बदलावं लागतं. आडव्या बसवलेल्या तीन-चार सिलिंडरच्या आपल्या हॅचबॅकमध्ये ही जागा काढणं महाकठीण. व्ही-आठ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमधली दरी आयती मोकळी असते, म्हणून अमेरिकेत सुपरचार्जर इतका रुजला. टर्बो कुठेतरी खुपसता येतो, पण तो आग ओकतो. पेट्रोलचा धूर 900 अंशांच्या पुढे जातो, आणि त्याच्या शेजारून ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग जात असेल तर उष्णतारोधक आवरण हवंच. टर्बोला ऑइलची एक जाणारी आणि एक येणारी लाइन लागते. परतीची लाइन वरून खाली, सरळ उताराने ऑइल पॅनमध्ये यायला हवी. ती मध्येच वर उचललेली दिसली तर ऑइल तुंबून सीलमधून गळेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघेल. बसवून झाल्यावर गाडी रॅम्पवर घ्यायला लावून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मिस्त्री कितीही हुशार असला तरी ट्यूनिंग हा वेगळा धंदा आहे. डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणारं यंत्र), धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, बूस्टखाली मिश्रण आणि ठिणगीची वेळ बघत इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी मॅप लिहिणारा माणूस हवा. असा माणूस मिळत नसेल तर किट घेऊच नका. (आणि "फुस्स" असा आवाज यावा म्हणून टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची नक्कल, म्हणजे खोटा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, साध्या गाडीला लावणाऱ्या मंडळींबद्दल मी काही बोलत नाही.)

पायरी 6: कागदपत्रं आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, आरसीवरची माहिती आणि कारखान्याने ठरवलेली वैशिष्ट्यं यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड भरून सुटलो असं समजू नका. खरी भीती विम्याची: अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि न कळवलेला टर्बो दिसला, तर दावा अडकतो. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाची वॉरंटीही हातची जाते.

बाहेरून बसवायच्या सीएनजी किटला जशी एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असते, तशी मंजुरी तुम्ही घेताय त्या किटला, तुमच्या मॉडेलसाठी आहे का, हे लेखी मागा. मिळालं तर आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही कळवून मग काम सुरू करा. मिळालं नाही, तर ती गाडी फक्त रेसट्रॅकवर नेण्यापुरती, असं धरून चाला.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींचं चित्र वेगळं आहे. तिथे किटला राज्याच्या कार्ब या हवाविषयक मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरीचा नंबर, असेल तर ते रस्त्यावर चालतं, आणि स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, तो नंबर बघतात. मस्टँगच्या 5.0 लिटर व्ही-आठला असा नंबर असलेलं सुपरचार्जर किट घेणं हा तिथे मळलेला रस्ता आहे.

पायरी 7: आता निवडा

भारतात नवी गाडी घेत असाल तर निवड टर्बो आहे की नाही एवढ्यापुरतीच उरते, कारण सामान्य बजेटमध्ये सुपरचार्जर मिळतच नाही. पूर्वी पुण्याजवळ जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीज सी 200 च्या पाठीवर "कोम्प्रेसर" लिहिलेलं असायचं, तो सुपरचार्जर. पुढे मर्सिडीजही टर्बोकडे वळली, आणि मिनी कूपर एसनेही 2006 नंतर तेच केलं. मायलेज आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा क्रँकवर जगणारा पाहुणा कंपन्यांना परवडेनासा झाला. घाट, चार माणसं आणि सामान, एसी चालू, असं तुमचं वापराचं चित्र असेल तर टर्बो-पेट्रोलचे जास्तीचे पैसे मला वाजवी वाटतात. रोजचं दहा किलोमीटर ऑफिस आणि महिन्यातून एकदा गाव, असं असेल तर साधं इंजिन घ्या आणि पैसे वाचवा. टर्बोचं ब्रोशरमधलं मायलेज पाय हलका असेल तरच मिळतं.

असलेल्या साध्या गाडीला बाहेरून बसवायचं म्हणाल, तर माझा सल्ला रुक्ष आहे: ती विका आणि त्याच मॉडेलची टर्बो गाडी घ्या. किट, इंटरकूलर, क्लच, इंजेक्टर, ट्यूनिंग आणि टायर-ब्रेक यांची बेरीज दोन व्हेरिएंटच्या किमतीतल्या फरकापुढे बहुधा सहज जाते. आणि टर्बो गाडीला कंपनीची वॉरंटी असते.

प्रोजेक्ट म्हणून, ट्रॅकसाठीच करायचं असेल तर अशी विभागणी करा. मोठं इंजिन, बॉनेटखाली जागा, लगेच मिळणारा प्रतिसाद हवा, पेट्रोलच्या खर्चाची फिकीर नाही: ट्विन-स्क्रू सुपरचार्जर. लहान इंजिन, जास्त ताकदीची हाव, पाइपिंग आणि उष्णतेचं काम नीट करणारा कारागीर हाताशी: टर्बो, पण लहान मापाचा. नवखे नेहमी मोठा टर्बो मागतात, आणि मग 4000 आरपीएमपर्यंत काहीच होत नाही म्हणून कुरकुरतात. सुरुवात 0.4 बारच्या आतबाहेरच ठेवा.

पायरी 8: नंतरची निगा, आणि जुनी टर्बो गाडी घेताना

टर्बोचं आयुष्य ऑइलवर आहे. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं सिंथेटिक ऑइल, आणि बदलायची मुदत ताणायची नाही. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. घाट चढून वर टपरीवर थांबताना इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगवर ठेवा. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये साचलेलं ऑइल करपून कोळसा होतं. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, तरी ही सवय तोट्याची नाही. सुपरचार्जरवाल्यांनी पट्ट्याच्या चिरा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बघत राहावं, आणि त्याचं स्वतःचं वेगळं ऑइल असेल तर तेही विसरू नये.

जुनी टर्बो गाडी बघायला जाताना इंजिन थंड असताना पोचा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. सुरू करताच निळा धूर आला का बघा. चालवताना तिसऱ्या गिअरवर 1500 पासून पूर्ण पाय दाबा. ओढ एकसारखी चढली पाहिजे. मध्येच कमी-जास्त होत असेल तर पाइप फुटलेला किंवा वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला टाळून सोडणारी झडप) अडकलेला असू शकतो. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी बारीक शीळ वेगाबरोबर वाढत गेली तर बेअरिंग संपत आलंय. शेवटी इंजिन थंड झाल्यावर मिस्त्रीला हवेचा पाइप काढायला सांगा आणि कॉम्प्रेसरचं चक्र बोटांनी हलवून बघा. किंचित आडवा खेळ असतोच. पुढे-मागे हलत असेल किंवा पाती भिंतीला घासल्याची खूण दिसली, तर नव्या टर्बोची किंमत सौद्यातून वजा करून घ्या, नाहीतर पुढची गाडी बघायला निघा.